डी-२ की कमानपाटा? आंबोलीच्या रानात वापरायच्या पात्यांचं एक प्रकरण

आंबोलीच्या बाजूला जुन्या घाटवाटा मोकळ्या करणारा एक गट आहे. आजरा, सावंतवाडी आणि कोल्हापूरकडची माणसं. मालकी रानातून उतरणाऱ्या वाटा, जमीनमालकाची संमती, सोबतीला गावकरी, असं त्यांचं काम चालतं. एका पावसाळ्यानंतर त्यांनी तीन हत्यारं आणि एक यादी माझ्यासमोर ठेवली. शिरोलीच्या एमआयडीसीत मी हार्डनिंग-टेम्परिंगचं काम करतो, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कठीण करायचं आणि मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचा. डाय, पंच, शाफ्ट ही रोजची कामं आणि पाती ही आवडीची. यादीत पोलादांची नावं होती: डी-२, १०९५, ईएन-३१, १४सी२८एन, ३व्ही, मॅग्नाकट. प्रश्न सरळ होता. "दादा, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? पुढच्या हंगामाला सगळ्यांचे चाकू एकाच पोलादाचे करायचेत."

यादी मी बाजूला ठेवली आणि हत्यारं हातात घेतली. पोलाद निवडताना नवं काय आलंय ते बघण्याआधी जुनं कशाने गेलं ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. पातं तीन तऱ्हेने जातं: धारेला खांडं पडतात, धार वळते किंवा गंज खातो. तिन्हींचा इलाज वेगळा, आणि बऱ्याचदा एकाचा इलाज दुसऱ्याला वाढवतो.

आधी त्यांचं रान कसं आहे ते सांगतो, कारण निवड तिथेच ठरते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कुठलीच वस्तू खऱ्या अर्थाने कोरडी होत नाही. वाटेवर कारवी माजते, आणि तिची जुनी खोडं वाळली की चांगली टणक होतात. खाली उतरलं की चिव्याची बेटं. मोडून आडवा पडलेला वाळका चिवा वाट अडवतो, आणि बांबूच्या सालीत सिलिका असते, ती धार घासून खाते. मध्ये जांभूळ, हिरडा, अंजनी. अंजनीचं वाळलेलं लाकूड ज्याने तोडलंय त्याला त्याचा टणकपणा वेगळा सांगायला नको. आणि पायाखाली सगळीकडे जांभा. खाली वाकून बुंध्यावर घाव घालताना दहातला एखादा घाव दगडावर जाणारच, हे धरूनच चालायचं.

पहिला चाकू डी-२ चा. पाच मिलिमीटर जाड, पातं साधारण बारा सेंटिमीटर, कठीणपणा मोजायच्या रॉकवेल यंत्रावर लावला तर ६१ एचआरसी. बनवणाऱ्याने हार्डनिंग नीट केलं होतं, त्यात खोट नव्हती. तरी धारेवर टोकाकडच्या अर्ध्या भागात अर्धचंद्रासारखी खांडं होती. काही डोळ्यांना दिसणारी, काही बोटाच्या नखाला लागणारी. दहापट भिंगाखाली धरल्यावर महत्त्वाची गोष्ट दिसली. खांडाच्या दोन्ही बाजूंची धार सरळ होती. कुठेही ओठ वळलेला नव्हता, कुठे ताणल्याची खूण नव्हती. म्हणजे पोलाद वाकायला गेलंच नाही, थेट तुटलं. शिवाय मुठीजवळ आणि म्यानात जिथे बंद येतो तिथे तांबूस ठिपके.

दुसरा चाकू बाहेरून मागवलेला, १०९५ या साध्या कार्बन पोलादाचा, काळा लेप दिलेला. त्याच्या धारेला खांड एकही नाही. पण लेप जिथे घासून गेला होता तिथे गंजाने बारीक खड्डे पाडले होते, आणि त्यातले काही अगदी धारेच्या कडेला. असा चाकू न वापरताही बोथट होतो, कारण गंज सगळ्यात आधी सगळ्यात पातळ जागा खातो, आणि धारेहून पातळ जागा पात्यावर दुसरी नसते. म्यान चामड्याचं होतं. पावसात भिजलेलं चामडं आतून दिवसचे दिवस ओलं राहतं आणि ते पोलादाला चिकटून असतं. इथे पोलादाइतकाच दोष म्यानाचा.

तिसरा होता गावच्या लोहाराने घडवलेला कोयता, ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा. धार दोन ठिकाणी वळलेली, पाठीवर कोणीतरी दगडाने ठोकल्याच्या खुणा, आणि सगळं पातं हिरड्याच्या चिकाने निळसर काळं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह भेटलं की असा रंग येतोच. पूर्वी शाई याच मेळातून करायचे. या कोयत्याबद्दल गटात एकाचीही तक्रार नव्हती. वळलेली धार कानस मारून परत उभी करायची आणि पुढे चालायचं. त्यांच्या मते हे 'साधं' हत्यार होतं, म्हणून प्रश्नात ते धरलंच नव्हतं. नमुना म्हणून बरोबर आणलं होतं इतकंच.

आता डी-२ बद्दल जरा सविस्तर, कारण सध्या चाकू घेणाऱ्या तरुण मुलांच्या तोंडी हे नाव सगळ्यात जास्त आहे. यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्के. एवढा कार्बन आणि एवढं क्रोमियम एकत्र आलं की पोलादात क्रोमियम कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम-कार्बनच्या कठीण संयुगाचे, मोठे खडे तयार होतात, त्यातले काही वीस-तीस मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि नीट लावलेल्या धारेची अगदी टोकाची जाडी असते मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी. म्हणजे खडा धारेपेक्षा कितीतरी मोठा. हे खडे झिजत नाहीत, म्हणून दोर, पुठ्ठा, कातडं कापताना डी-२ ची धार खूप टिकते. पण आडवा दणका बसला की चीर याच खड्यांच्या रांगेने पळते.

आमच्याकडे डी-२ येतं ते पत्रा कापायच्या डाय-पंचसाठी, आणि तिथे ते शोभतं. डायमध्ये पोलादाला मागून, बाजूने, सगळीकडून आधार असतो आणि दाब सरळ येतो. चाकूच्या धारेला मागे आधार फक्त स्वतःच्या जाडीचा. बांबूच्या पेरात पातं अडकलं आणि ते हलवून सोडवायला गेलं की दाब बाजूने येतो. डायवर असा दाब येऊ नये म्हणून आम्ही गाइड पिन बसवतो. रानात गाइड पिन कुठून आणणार?

गटातल्या एकाने विचारलं की हाच चाकू पुन्हा टेम्पर करून ५८ वर आणला तर? थोडा फरक पडेल, फार नाही. डी-२ चा ठिसूळपणा मुख्यतः त्या खड्यांमुळे आहे, आणि टेम्परिंगने खडे लहान होत नाहीत. कठीणपणा सोडायचा आणि बदल्यात चिवटपणा पुरता मिळायचा नाही, असा तो सौदा होतो. आणि गंज? बारा टक्के क्रोमियम म्हटल्यावर लोक त्याला जवळपास स्टेनलेस समजतात. पण गंज अडवतं ते पोलादात विरघळलेलं क्रोमियम. कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम त्या कामाला येत नाही, आणि डी-२ मधलं जवळपास निम्मं क्रोमियम तिथेच अडकतं. त्यामुळे १०९५ पेक्षा बरं, पण आंबोलीच्या पावसाला पुरेसं नाही.

जाता जाता, विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आमच्या बाजारात हे पोलाद एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) या नावाने मागतात, आणि त्या नावाखाली डी-२ मिळतं तसं डी-३ देखील मिळतं. डी-३ मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या पुढे असतो आणि ते डी-२ हूनही ठिसूळ आहे. स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे पोलादात काय किती आहे त्याची यंत्रावरची तपासणी, बघितल्याशिवाय त्याचं पातं करू नये.

मग मी त्यांना विचारलं की या चाकूने नक्की काय काय केलंत. उत्तरात खरी गोष्ट निघाली. दोर कापणं, फांदीच्या खुंट्या करणं, कांदा-बटाटा चिरणं, जखमेच्या पट्ट्या कापणं, हे झालं चाकूचं काम. पण त्याच चाकूने वाळक्या चिव्याच्या पेरावर पाठीमागून लाकडाचे ठोके देऊन तो फोडला होता, अंजनीच्या फांद्या छाटल्या होत्या. कारण गटात कोयता एकच, आणि तो पुढच्या माणसाच्या कमरेच्या आकडीला. मागच्यांनी कोयत्याचं काम चाकूकडून करून घेतलं. खांडं पडलेला भाग टोकाकडचा होता, म्हणजे जिथे घाव बसतो तिथलाच. भिंगाखाली दिसलेलं आणि त्यांनी सांगितलेलं तंतोतंत जुळलं.

इथे मी त्यांचा प्रश्नच बदलायला सांगितला. एकाच पोलादाचे सगळे चाकू हा विचार सोडा. तोडायला एक पोलाद, कापायला दुसरं. तोडणाऱ्या पात्याला आधी चिवटपणा हवा, गंज चालेल, कारण कोयता रोज पुसला जातो, त्याची पाठ जाड असते आणि वरवरचा गंज त्याचं काही बिघडवत नाही. कापणाऱ्या पात्याला पातळ धार हवी आणि ती म्यानात भिजत पडल्यावरही शाबूत राहायला हवी, म्हणून तिथे गंज हा पहिला शत्रू. चिवटपणा तिथेही लागतो, पण कोयत्याइतका नाही.

यादीतली बाकीची नावं या चाळणीतून पटपट गेली. ईएन-३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद, एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आत-बाहेर क्रोमियम. धार सुंदर घेतं, खडे बारीक असतात, मला स्वतःला फार आवडतं. पण गंजात ते १०९५ चं सख्खं भावंड. ३व्ही आणि मॅग्नाकट ही पावडरपासून बनवलेली पोलादं. त्यांत खडे बारीक आणि सारखे पसरलेले असतात, म्हणून डी-२ चा दोष त्यांच्यात येत नाही. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुतज्ज्ञाने खास चाकूंसाठी रचलेलं पोलाद, २०२१ साली बाजारात आलं. चिवटपणा आणि गंजरोध दोन्ही त्यात खरोखर आहेत, हे मी मोकळेपणाने सांगितलं. तरी नको म्हटलं, दोन कारणांनी. एक म्हणजे किंमत, आयात धरून ती कितीतरी पट पडते. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. या पोलादांतले व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षा कठीण असतात. ती धार पुरती लावायला हिऱ्याची पट्टी बरी पडते. रात्री गावात मुक्काम असताना ओसरीवरच्या कुरुंदाच्या दगडावर जे पातं तयार होत नाही, ते या गटाच्या कामाचं नाही.

राहिली दोन पोलादं: कोयत्याला कमानपाटा आणि चाकूला १४सी२८एन.

कमानपाट्याबद्दल लोक इतक्या सहजपणे बोलतात की जणू ते एकच पोलाद आहे. तसं नाही. आपल्याकडच्या पाट्यांत सिलिकॉन-मँगनीजवालं ईएन-४५ किंवा त्याच्या जातीचं पोलाद सापडतं, क्रोमवालं सुप-९ सापडतं, क्रोम-व्हॅनेडियमवालं ईएन-४७ देखील सापडतं. तिघांनाही पाणी द्यायची, म्हणजे तापवून बुडवून कठीण करायची, रीत थोडी थोडी वेगळी. भंगारातून आणलेल्या पाट्यांचे तुकडे मी आधी स्पेक्ट्रोला लावले. कोल्हापूरला फाउंड्रीच फाउंड्री, त्यामुळे ही सोय हाकेच्या अंतरावर आहे. कार्बन अर्धा ते पॉइंट सहा टक्क्यांच्या दरम्यान, सिलिकॉन पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम नावापुरतं. म्हणजे ईएन-४५.

दुसरी तपासणी चिरांची. पाटा गाडीखाली लाखो वेळा वाकलेला असतो. अशा पोलादात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. पाटा घासून, चिरेत शिरणारं लाल पेनिट्रंट मारून, पुसून, वर ते बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. एका पाट्यात भोकाच्या कडेपासून केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. तो पाटा तिथेच बाद. ही रेघ कोयत्यात राहिली असती तर घडवताना दडपली गेली असती आणि पाणी देताना किंवा पुढे रानात उघडी पडली असती. भोकाजवळचा भाग मी एरवीही वापरू देत नाही.

घडवायला आम्ही त्याच लोहाराकडे गेलो. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात. ते कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवतात, पाठ तापलेली राहते, मग पाठीची उष्णता धारेकडे उतरताना रंग बघतात: आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग धारेशी पोचला की पुन्हा पाण्यात. ही पद्धत उत्तम आहे, तिने पाठ मऊ आणि धार कठीण राहते. मामांचं म्हणणं, "पाणी जास्त झालं की पात मोडतंय, कमी झालं की वळतंय. मधलं सापडाय डोळा लागतोय." याहून नेमकं मीही सांगू शकणार नाही.

फक्त दोन गोष्टी तपासून घ्यायच्या होत्या, त्यासाठी पाट्याच्या बारीक पट्ट्या कापल्या. एक पिवळ्याजर्द उष्णतेवरून पाण्यात, एक लाल-नारिंगीवरून पाण्यात, एक लाल-नारिंगीवरून कोमट तेलात. मग व्हाइसमध्ये धरून हातोडीने मोडल्या आणि मोडलेली तोंडं उन्हात एकमेकांशेजारी ठेवली. पिवळ्या उष्णतेच्या पट्टीचं तोंड रवाळ, प्रत्येक कण वेगळा चमकणारा. ती जवळजवळ आवाज न करता मोडली होती. मधलीचं तोंड बारीक होतं, पण कडेने आत एक काळसर रेघ गेलेली, म्हणजे पाण्याच्या झटक्याने ती आधीच तडकली होती. तेलातल्या पट्टीला सगळ्यात जास्त घाव लागले, आणि तिचं तोंड एकसारखं मऊ राखाडी, चमक कुठेच नाही. मामांनी तिन्ही तुकडे बराच वेळ हातात फिरवले. त्यानंतर तेलाबद्दल मला काही सांगावं लागलं नाही. एक भर मात्र घातली: चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० अंशांच्या आसपास, पण या पोलादाला त्याहून शंभरेक अंश वर न्यावं लागतं. चुंबक सुटला की लगेच बुडवलं तर धार पुरती कठीण होत नाही.

मामांचा एक अनुभव असा की नवा कोयता पहिल्यांदा धार धरत नाही, दोन-चारदा घासल्यावर धरू लागतो. याचं कारण धातूशास्त्रात आहे. भट्टीत तापताना पोलादाच्या कातडीतला कार्बन जळून जातो, आणि सिलिकॉनवाल्या पोलादात हे जास्त होतं. वरची पातळ कातडी मऊ राहते. नवी धार त्या मऊ कातडीतच असते, म्हणून वळते. ती घासून निघाली की खरं पोलाद लागतं. त्यामुळे पाणी देण्याआधी धारेची जाडी थोडी जास्त ठेवायची आणि नंतर दोन्ही बाजूंनी घासून काढायची, असं ठरलं.

टेम्परिंग मी माझ्या भट्टीत केलं, ३०० अंशांवर, दोन वेळा. साध्या कार्बन पोलादाला हा आकडा मी कधीच देणार नाही. साधारण २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात ते उलट ठिसूळ होतं. सिलिकॉन तो पट्टा वर सरकवतो, म्हणून ईएन-४५ ला ३०० चालतं. हाती आले ५५ एचआरसी. कोयत्याला एवढं पुष्कळ. गटातल्या एकाला हा आकडा कमी वाटला, त्याच्या डोक्यात ६१ बसला होता. कोयत्याची धार ६१ वर नेली तर तिचीही डी-२ सारखीच गत होईल, हे त्याला वाळक्या चिव्यावर दाखवलं. ५५ च्या कोयत्याने पेरामागून पेरं फोडली, भिंगाखाली धार थोडी चपटली होती, खांड नव्हतं. मग मुद्दाम जांभ्यावर घाव घातला. तिथे धार वळली, निसण्यावर परत आली.

चाकूचं १४सी२८एन हे स्वीडनचं, सँडविकचं पोलाद. ती शाखा २०२२ पासून अलायमा या नावाने वेगळी झाली आहे. कार्बन पॉइंट बासष्ट टक्के, क्रोमियम चौदा आणि थोडा नायट्रोजन. कार्बन मोजून-मापून ठेवल्यामुळे यात मोठे खडे होत नाहीत, आणि क्रोमियम बहुतेक सगळं मोकळं राहून गंज अडवतं. लॅरिन थॉमस यांनी पात्यांच्या पोलादांच्या आघात-चाचण्या एकाच मापाच्या नमुन्यांवर करून प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांत या जातीची पोलादं डी-२ च्या कितीतरी पट चिवट ठरतात. धार टिकण्यात मात्र डी-२ पुढे, हेही त्याच चाचण्यांत दिसतं. कुठलंच पोलाद सगळं देत नाही.

हे काम लोहाराच्या भट्टीचं नाही. १०७० अंशांच्या आसपास नेमकी काही मिनिटं, हवा लागू नये म्हणून स्टेनलेसच्या फॉइलमध्ये गुंडाळून, मग अॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून थंड. त्यानंतर कोरड्या बर्फात, आणि शेवटी १९० अंशांवर टेम्परिंग. ५९ ते ६० एचआरसी आलं. पातं साडेतीन मिलिमीटर जाड, धारेमागे पातळ, कोन प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास. धार पितळी सळईवर दाबून सरकवली की ती किंचित लवते आणि परत येते, ते डोळ्यांना दिसतं. जुन्या डी-२ चा कोन बाराच्या जवळ होता. एवढी बारीक धार ६१ वर ठेवून बांबूवर घालणं, यात पोलादाच्या नावाइतकाच त्या कोनाचाही वाटा होता.

म्यान प्लॅस्टिकचं, खाली पाणी जायला भोक. पात्याची लांबी अकरा-साडेअकरा सेंटिमीटर ठेवली. कायद्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना शस्त्रांच्या यादीत धरलं आहे, घरकाम आणि शेतीसाठीची हत्यारं त्यातून वगळून. चाकू त्या मापाच्या खूप आत आहे. कोयता शेतीचं हत्यार असला तरी एसटीतून नेताना तो गोणपाटात बांधूनच न्यायचा, हे गटाने स्वतःच ठरवलं. बरोबर संमतीपत्राची प्रतही असते.

पुढचा पावसाळा झाल्यावर सगळं परत माझ्याकडे तपासायला आलं. कोयत्यांना खांड नाही. एका कोयत्याची धार टोकाजवळ पुन्हा पुन्हा वळत होती. तिथे घासून बघितलं तर कातडीचा मऊ थर एका बाजूने पुरता निघालेला नव्हता. अर्धा मिलिमीटर आणखी काढल्यावर कानस जड जाऊ लागली, म्हणजे खालचं पोलाद ठीक. चाकूंवर खड्डे नाहीत. एकावर चहाच्या रंगाचे ठिपके होते, तेही जिथे पृष्ठभाग खरबरीत राहिला होता तिथेच. स्टेनलेस जितकं गुळगुळीत तितकं गंजाला कमी धरतं. ते ठिपके बारीक पॉलिश पेपरने गेले.

तक्रारही आली, आणि ती रास्त होती. दोर सांभाळणाऱ्या मुलीचं म्हणणं, "डी-२ जास्त दिवस कापायचा. हा रोज संध्याकाळी दगडावर न्यावा लागतो." बरोबर आहे. ओल्या, रेती चिकटलेल्या नायलॉनच्या दोरावर १४सी२८एन ची धार लवकर उतरते. तिच्यासाठी जुना डी-२ काढला. खांडं जातील इतकी धार मागे घासली, कोन सतरा-अठरावर आणला, आणि तो तिच्या दोरांच्या पिशवीत गेला. रोज रात्री पुसून तेलाचं बोट फिरवायचं, एवढी अट. त्याच्या पात्याने आता बांबूला हात लावायचा नाही.

१०९५ चा चाकू गटाच्या स्वयंपाकाच्या पेटीत आहे, चामड्याच्या म्यानाशिवाय.

पुढच्या खेपेला कोयते वाढवायचे आहेत, आणि त्यासाठी भंगारातला पाटा न घेता ईएन-४७ चा कोरा पट्टा घ्यावा असं मी सुचवलं आहे. त्यात सिलिकॉन कमी, म्हणून कार्बन कमी जळतो, आणि व्हॅनेडियममुळे उष्णता थोडी जास्त झाली तरी कण लगेच फुगत नाहीत. मामांच्या भट्टीला ते जास्त मानवेल. टेम्परिंग मात्र ३०० वर चालणार नाही, खाली २०० ते २२० च्या दरम्यान आणावं लागेल. पट्टा आला की आधी त्याच्या पट्ट्या मोडून बघायच्या, असं मामांनीच सांगून ठेवलं आहे.